गिझाचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम: काय बघायचं, काय सोडायचं

आत शिरून पंधरा मिनिटं झाली असतील-नसतील, आईनं विचारलं, "अरे, ममी कुठल्या मजल्यावर?" आमच्या गाइडनं घड्याळाकडे बघत सांगितलं, त्या इथे नाहीत, दुसऱ्या म्युझियमला आहेत. ते दुसरं म्युझियम आमच्या सहलीच्या कागदावर नव्हतंच. वर दोन तासांत सगळं उरकून बसपाशी यायचं होतं. मुंबईहून इतक्या लांब येऊन आईनं ममी बघितली नाही, आणि मी रामसेसच्या पायाशी सव्वीस फोटो काढले. ती खेप चाचणीच्या काळातली, तुतानखामून राजाची दालनं उघडण्याआधीची. म्युझियम पूर्ण उघडल्यावर मी पुन्हा गेलो, सहलीशिवाय, आणि एका इमारतीला दोन दिवस दिले. पुढचं सगळं त्या दोन दिवसांतून आलंय.

आधी कुठे काय आहे ते समजून घ्या

कैरोत प्राचीन इजिप्तची मोठी म्युझियम तीन आहेत, आणि पहिली गफलत इथेच होते.

पिरॅमिडपासून दोन किलोमीटरवर ग्रँड इजिप्शियन म्युझियम. तुतानखामूनच्या कबरीतला खजिना, मोठा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफू राजाची नौका आणि रामसेस दुसऱ्याचा प्रचंड पुतळा इथे.

शहराच्या मध्यात, तहरीर चौकात, १९०२ साली उघडलेलं गुलाबी इमारतीतलं जुनं म्युझियम. पुष्कळ जणांना वाटतं ते बंद झालं. झालेलं नाही. तानिस या जुन्या राजधानीतल्या राजांचं सोनं-चांदी, युया आणि तुया या तुतानखामूनच्या पणजोबा-पणजीच्या शवपेट्या, नारमेर राजाची कोरीव पाटी हे सगळं बघायला तहरीरलाच जावं लागतं.

तिसरं फुस्तातचं राष्ट्रीय संस्कृती म्युझियम. ३ एप्रिल २०२१ च्या रात्री अठरा राजे आणि चार राण्या अशा बावीस राजममी तहरीरहून मिरवणुकीनं तिथे नेल्या. म्हणजे रामसेसचा पुतळा गिझाला आणि त्याचा देह फुस्तातला. आईसारखा प्रश्न तुमच्याही घरी कुणी विचारणार असेल, तर फुस्तातसाठी अर्धा दिवस आधीच बाजूला काढा. ममींच्या दालनात फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे लोक तिथे खरोखर बघतात.

तुतानखामूनची ममी मात्र तिन्ही ठिकाणी नाही. ती लक्झरजवळ राजांच्या खोऱ्यात, त्याच्या मूळ कबरीतच आहे. नेफर्तितीचं ते प्रसिद्ध शिर बर्लिनला, रोझेटा शिळा लंडनला. या दोन्हींबद्दल तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारू नका. दिवसभर तेच ऐकून ते वैतागलेले असतात, आणि त्यांचं वैतागणं मला तरी पटतं.

लहान मुलं बरोबर असतील तर निघण्याआधी एक तालीम करता येते. मालेगावजवळच्या कवळाण्याहून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी उभारलेल्या बडोद्याच्या म्युझियममध्ये इजिप्तची एक खरी ममी आहे. ती बघितलेलं मूल गिझात दहा पट प्रश्न विचारतं.

तिकीट आणि वेळ

तिकीट घरूनच, म्युझियमच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा. तारीख आणि आत शिरण्याची वेळ निवडावी लागते. दारात जाऊन बघू म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते. खुलं झालं तेव्हा परदेशी प्रौढाला १,४५० इजिप्शियन पौंड लागत होते, विद्यार्थ्यांना आणि मुलांना साधारण निम्मे. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं ओळखपत्र न विसरता ठेवावं.

दालनं सकाळी नऊला उघडतात आणि संध्याकाळी सहापर्यंत चालू असतात. बुधवारी आणि शनिवारी रात्री नऊपर्यंत. रमजानात वेळा बदलतात, तेव्हा तारीख ठरवण्याआधी तेवढं बघून घ्या. हवेच्या दृष्टीनं नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. म्युझियम आतून गारच असतं, पण बाहेरच्या उघड्या चौकातून चालावं लागतं आणि उन्हाळ्यात तो चौक तव्यासारखा तापतो.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. सहलीवाले सकाळी पिरॅमिड दाखवतात, जेवण उरकतात आणि दुपारी म्युझियमला येतात. तुम्ही नेमकं उलटं करा: सकाळी पहिल्या वेळेला म्युझियम, पिरॅमिड दुसऱ्या दिवशी. नाहीतर बुधवार किंवा शनिवार धरून दुपारी तीनला आत जा. सहाच्या सुमारास बस निघून जातात आणि पुढचे दोन-तीन तास तुमचे.

पोचायचं कसं

म्युझियम कैरो-अलेक्झांड्रिया वाळवंटी रस्त्यावर आहे. मुख्य विमानतळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे तिथून तासाभराच्या वर धरून चाला; कैरोची वाहतूक आपल्या सिंहगड रोडला लाजवणारी आहे. ॲपवरची गाडी बोलवावी, घासाघीस वाचते. गाडीच्या पाटीवर अरबी आकडे असतात, म्हणून निघण्याआधी ते शिकून ठेवा, दहा मिनिटांचं काम. त्यात एक फसगत आहे: गोल वर्तुळ म्हणजे पाच, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका.

दोन रात्री गिझातच राहिलात तर आणखी बरं. तिथून म्युझियम आणि पिरॅमिड दोन्ही हाकेच्या अंतरावर.

बाहेर उंटवाले, टांगेवाले, "माय फ्रेंड" म्हणणारे सगळे भेटतील. आपल्याला एक फायदा आहे. अरबी शब्द फारसीच्या वाटेनं मराठीत इतके मुरलेत की पोटापुरती भाषा आधीच येते. "खलास" म्हटलं की समोरच्याला कळतं, विषय संपला. हॉटेलात "हिसाब" म्हटलं की बिल येतं. दुकानाला दुकानच म्हणतात, साबणाला साबूनच. आणि बक्षीस हा शब्द तर शिकवावाच लागत नाही, तो तेच तुम्हाला ऐकवतात. सुट्ट्या नोटा वरच्या खिशात ठेवा.

आत शिरताना

इमारतीआधी चौकात एक ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा उंच दगडी स्तंभ, उभा आहे, चार खांबांवर उचलून धरलेला. लोक वर टोकाकडे बघत फोटो काढतात. तुम्ही त्याच्या खाली जा आणि मान वर करा. एरवी जमिनीत पुरलेली असते ती बुडाची बाजू काचेतून दिसते, आणि तिच्यावर रामसेस दुसऱ्याचं नाव कोरलेलं आहे. ते कुणाच्या नजरेला पडावं म्हणून कोरलेलंच नव्हतं. पुढे कुणी ओबेलिस्क आपल्या नावावर केलाच, तर बुडाशी तरी खऱ्या मालकाचं नाव राहावं, एवढीच त्यातली हुशारी असावी. जुने राजे एकमेकांची नावं खोडून स्वतःची कोरत, आणि त्यात खुद्द रामसेस सगळ्यात पुढे होता!

मग आतल्या भव्य सभागृहात तोच रामसेस, ८३ टन ग्रॅनाइटचा, अकरा मीटरच्या आसपास उंच. १८२० साली तो मेम्फिसला, इजिप्तच्या एका जुन्या राजधानीत, तुकड्यांत सापडला. १९५५ पासून कैरोच्या मुख्य रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकात उभा होता, पन्नास वर्षं बसगाड्यांचा धूर खात. २००६ मध्ये त्याला तिथून हलवलं, २०१८ च्या जानेवारीत इथे आणलं, आणि मग भिंती-छत पुरं होण्याची वाट बघत तो थांबला. या इमारतीचा आराखडा एका डब्लिनच्या वास्तुसंस्थेनं २००३ मध्ये स्पर्धेत जिंकला होता. त्यानंतर पैशांची टंचाई, २०११ ची क्रांती, मग करोना असं करत अधिकृत उद्घाटन झालं १ नोव्हेंबर २०२५ ला. लोकांसाठी दारं उघडली ४ नोव्हेंबरला. १९२२ मध्ये पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरच्या माणसांना तुतानखामूनच्या कबरीची पहिली पायरी सापडली ती याच तारखेला.

इथे दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. रामसेस कुठे जात नाही, परतताना त्याच्याच समोरून जायचंय.

मोठा जिना: चढायचा की नाही?

गुडघे ठीक असतील तर चढा. शेजारी सरकते जिने आहेत, लिफ्टही आहे, त्यामुळे ज्येष्ठांनी संकोच करायचं कारण नाही. पण जिना हे नुसतं वर जायचं साधन नाही, ते एक दालनच आहे. पायऱ्यांवर राजांचे पुतळे, देवळांचे खांब आणि दारं, राजा नि देव शेजारी बसलेले, आणि अगदी वर दगडी शवपेट्या. म्हणजे राजाच्या चेहऱ्यापासून सुरुवात करून त्याच्या मरणापर्यंत तुम्ही चढत जाता.

वाटेत सेनुस्रेत पहिल्याचे चुनखडीतले दहा बसलेले पुतळे लागतील, एकासारखे एक. मी तिथे बराच वेळ रेंगाळलो, कारण पहिल्या नजरेला ते साच्यातून काढल्यासारखे वाटतात आणि मग हळूहळू फरक दिसू लागतात. वेगवेगळे हात त्यावर फिरले असावेत.

शवपेट्या ओलांडून वर पोचलात की मोठी काच आणि काचेपलीकडे पिरॅमिड. फोटोसाठी रांग असते. दुपारच्या धुरकटात ते फिके दिसतात, सकाळी स्वच्छ.

बारा दालनं: वेळापत्रकासारखी वाचा

मुख्य दालनं बारा, आणि त्यांची मांडणी कळली नाही तर माणूस तासाभरात थकतो. शाळेच्या वेळापत्रकासारखी कल्पना करा. ओळी चार, रकाने तीन. ओळी म्हणजे काळ: अगदी प्राचीन काळापासून पिरॅमिडच्या युगापर्यंत, मग मध्य राज्य, मग नवं राज्य, आणि शेवटी उत्तरकाळापासून ग्रीक-रोमनांपर्यंत. रकाने म्हणजे विषय: समाज, राजसत्ता, श्रद्धा.

आता एकच रकाना निवडा आणि चारही काळांतून सरळ खाली या. बारा दालनं ओळीनं बघायला गेलात तर सहाव्या दालनापासून सगळ्या मूर्ती सारख्याच दिसू लागतात. मी "समाज" निवडला होता. लाकडाचे, बाहुल्यांएवढे बेकरीवाले, दारू गाळणारे, होड्या वल्हवणारे. राजाच्या सोन्यापेक्षा मला ते लवकर ओळखीचे झाले. मुलांबरोबर असाल तर "श्रद्धा" घ्या, त्यात प्राण्यांच्या तोंडाचे देव आहेत.

शेवटची ओळ लोक पळत पळत ओलांडतात. मराठी माणसानं तिथे जरा थांबावं. त्यातला ग्रीक-रोमन काळ म्हणजे आपल्या सातवाहनांचा काळ. नाणेघाटात लेख कोरला गेला तेव्हा इजिप्तवर टॉलेमी हे ग्रीक घराणं राज्य करत होतं. पुढे पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या समुद्रप्रवासाच्या माहितीत सोपारा, कल्याण, पैठण, तेर ही नावं येतात. आणि तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात उत्खननात हिंदुस्थानी मिरी आणि सागवान निघालंय. त्या ओळीतले रंगवलेले चेहरे बघताना हे डोक्यात असलं की चेहरे परके राहत नाहीत.

तुतानखामून: इथे दोन तास

दहा वर्षांचाही नसताना गादीवर बसलेला आणि एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास मेलेला हा राजा. इजिप्तच्या इतिहासात त्याचं कर्तृत्व बेताचं. पण त्याची कबर बहुतांशी शाबूत राहिली, आणि आतल्या पाच हजारांहून जास्त वस्तू पहिल्यांदाच एका ठिकाणी मांडल्यात. कबर रिकामी करायला कार्टरला दहा वर्षं लागली. तुम्ही दोन तास द्या.

दारातच एक युक्ती शिकून घ्या, म्हणजे पुढचे दोन तास बदलतात. लांबट गोल चौकटीत कोरलेली चित्रं दिसली की ते राजाचं नाव. पक्षी आणि माणसं ज्या बाजूला तोंड करून असतील, त्या बाजूनं वाचायला सुरुवात करायची. तुतानखामूनची अशी दोन नावं आहेत. सोपं आहे ते गादीवर बसतानाचं: वर सूर्याचं वर्तुळ, मधे भुंगेरा, त्याखाली तीन रेघा, तळाशी टोपली. टोपली "नेब", भुंगेरा आणि रेघा मिळून "खेपेरू", सूर्य "रे". नेबखेपेरूरे. लक्षात आलं? सूर्य सगळ्यात वर लिहिलाय, पण उच्चारात शेवटी येतो. देवाचं नाव आधी लिहायचं, ही त्यांची रीत. पत्राच्या माथ्यावर "श्री" लिहिणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आता हे नाव शोधत फिरा. पेटीवर, धनुष्यावर, खुर्चीवर, दागिन्यांत. लॉकेटात तर भुंगेराच रत्नांचा केलेला असतो, आणि दागिना म्हणजेच नाव होऊन बसतं. माझ्या शेजारी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी टोपल्या मोजत होती. तिच्या आईबाबांना मुखवट्याची घाई, पण तिला चौदा सापडल्या होत्या आणि ती हलायला तयार नव्हती.

सोन्याच्या सिंहासनापाशी थांबा. पाठीवर राजा बसलाय, राणी त्याच्या खांद्याला हात लावतेय, आणि वरून सूर्यकिरण येताहेत. प्रत्येक किरणाच्या टोकाला इवलासा हात. ही आधीच्या अखेनातेन राजाच्या एकमेव सूर्यदेवाची, अतेनची खूण. तुतानखामूनचं मूळ नाव तुतानखातेन, पुढे जुना देव अमुन परत आला तेव्हा ते बदललं. या सिंहासनावर दोन्ही नावं आढळतात. राज्याचा धर्म बदलला, खुर्ची तीच राहिली.

गर्दी ज्यांना वळसा घालून पुढे जाते अशा काही वस्तू: घडीची खाट, खरीखुरी, तीन घड्या होणारी, बिजागऱ्या लावलेली, प्रवासात न्यायची. शंभराहून जास्त काठ्या. सेनेत नावाच्या पटावरच्या खेळाचे डबे, सोंगट्यांसाठी खालून खण असलेले. आणि एक लोखंडी पात्याचा खंजीर. इजिप्तमध्ये तेव्हा लोखंड वितळवत नव्हते. तपासणीत ते पातं उल्केच्या लोखंडाचं निघालं. शेजारच्या सोन्याच्या खंजिरासमोर पाच जण, याच्यासमोर मी एकटा.

मग चार सोनेरी मखरं. कबरीत ती एकात एक बसवलेली होती आणि खोली जवळजवळ भरून गेली होती. इथे सुटी उभी केलीत, त्यामुळे कबरीतल्यापेक्षाही नीट दिसतात. मखरांच्या आत तीन शवपेट्या, त्यातली सगळ्यात आतली निव्वळ सोन्याची, ११० किलोंची.

आणि मुखवटा. दहा किलोंहून जास्त सोनं, अफगाणिस्तानातला निळा लाजवर्द, अकीक, रंगीत काच. समोरून बघायला रेटारेटी असते. तुम्ही उलट बाजूला जा. पाठीमागे गर्दी विरळ आणि बघण्यासारखं जास्त: खांद्यांवर आणि पाठीवर एक मंत्र कोरलाय, ज्यात चेहऱ्याचा एकेक अवयव एकेका देवाच्या हवाली केलाय. मग बाजूनं येऊन दाढी बघा. २०१४ मध्ये ती सुटली तेव्हा घाईत इपॉक्सीनं चिकटवली गेली आणि मोठा गवगवा झाला. पुढल्या वर्षी जर्मन आणि इजिप्शियन तज्ज्ञांनी ती उतरवून मेणानं पुन्हा बसवली, जुन्या लोकांनी वापरलं होतं तसं.

मोबाईलनं फ्लॅश न लावता फोटो काढा. पण मुखवट्याचा काढू नका, असं माझं मत. जगातला सगळ्यात चांगला फोटो आधीच निघालेला आहे, आणि तुमच्या फोटोत काचेवर तुमचाच टी-शर्ट येणार.

खुफूची नौका

दोन तासांनंतर पाय बोलू लागतात. खाली येऊन खा. कोशरी मागवा: भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि वरून कुरकुरीत तळलेला कांदा, बरोबर टोमॅटोची आंबट-तिखट चटणी. शाकाहाऱ्यांची इजिप्तमध्ये उपासमार होत नाही. कोशरी, वालासारख्या बाकल्याच्या दाण्यांचा "फूल" नावाचा पदार्थ आणि त्याच बाकल्याची वडीसारखी तामिया यांवर आठवडा निघतो. म्युझियमातले भाव म्युझियमचे असतात, तेव्हा रात्रीसाठी बाहेरची कोशरी राखून ठेवा.

मग नौकेची वेगळी इमारत. हिला बरेच जण कंटाळून सोडतात, आणि माझ्या हिशेबानं ही सोडण्यासारखी नाही. मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफूच्या पिरॅमिडशेजारच्या खड्ड्यात १९५४ मध्ये देवदाराच्या लाकडाचे हजाराच्या वर तुकडे सापडले, नीट रचून ठेवलेले. ते जुळवायला वर्षानुवर्षं गेली आणि ४३ मीटर लांबीची नौका उभी राहिली. साडेचार हजार वर्षांपूर्वीची. २०२१ मध्ये ती अखंड, एका खास गाडीवरून, चालत्या माणसाच्या वेगानं इथे आणली.

जवळ जाऊन फळ्यांचे जोड बघा. खिळा नाही. फळ्यांना आतून भोकं पाडून दोरांनी शिवलंय. लाकूड पाण्यात फुगतं, दोर आकसतो, आणि सांधा घट्ट होतो. हे तंत्र आपल्या किनाऱ्याला परकं नाही: अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून गोव्यात अलीकडेच शिवलेलं शिडाचं जहाज बांधलं आणि नौदलानं त्याला कौंडिण्य नाव दिलं. त्यात काथ्या होता, इथे वनस्पतीचा दोर.

खुफूच्या दुसऱ्या नौकेचे तुकडे जुळवायचं काम इथेच, लोकांच्या समोर, २०२५ च्या डिसेंबरात सुरू झालं. वर्षानुवर्षं चालणार आहे. एक माणूस हातमोजे घालून एका फळीपाशी बसला होता. वीस मिनिटांत त्यानं ती एकदाही उचलली नाही, नुसती बघत होता.

बाकीचं, थोडक्यात

बूट जुने, पायाला सरावलेले. मोठी बॅग, सेल्फी स्टिक, ट्रायपॉड हॉटेलवर ठेवा. रोख पैशांवर विसंबू नका, कार्ड हवंच. गाइड घ्यायचा असेल तर फक्त तुतानखामूनसाठी घ्या आणि आधीच सांगा की मला पाच वस्तू दाखवा, पन्नास नको. तिकिटाच्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.

आणि आई-वडील बरोबर असतील तर क्रम असा लावा: पहिल्या दिवशी फुस्तात, ममी आधी. दुसऱ्या दिवशी गिझा. आईला मी यंदा असंच नेणार आहे. तिनं आधीच विचारून ठेवलंय, रामसेसचे केस खरंच लालसर आहेत का.